आईच्या पासबुकातले चौपन्न हजार

"मासा मी आणलाय. बन लिंडसे आणेल. ट्रेसीला म्हणावं नुसती ये, हातात काही आणू नको," बेरिलनं फोनवर सांगितलं होतं. "आणि गेल, तू जरा लवकर ये. का ते तुला ठाऊकच आहे."

ठाऊक होतं म्हणूनच गेलला लवकर जायचं नव्हतं. सोमवारी आईच्या दारात सरकारी पाकीट पडलं. बेरिलनं ते उभ्या उभ्या वाचलं, पावाच्या डब्यात ठेवलं, डब्याचं झाकण लावलं आणि मग थोरल्या लेकीला, गेलला, फोन केला. पत्रात अगदी गोड भाषेत लिहिलं होतं. तुम्हाला दहा वर्षं जी पूरक पेन्शन मिळते, ती गाठीला फारसं काही नसलेल्या वृद्धांसाठी असते. आमच्या माहितीप्रमाणे तुमच्या नावावर बचत आहे. किती आहे ते तीस दिवसांत कळवा.

किती आहे ते तिसरं कुणी सांगायला नको होतं. चौपन्न हजार पौंड!

गुड फ्रायडेला तीन वाजता गेल मागच्या दारानं आत शिरली तेव्हा बेरिल स्वयंपाकघरात कोट घालून बटाटे कुस्करत होती. समुद्रावरचं वारं घरात शिरायला फ्लीटवुडसारख्या बंदराच्या गावात दार उघडं लागत नाही. खोली गरम करायला गॅसची शेगडी होती, पण तिच्या तीन पट्ट्यांपैकी एकच लाल होती. तीसुद्धा पाहुणे यायचे म्हणून.

"आई, अगं शेगडी तरी पूर्ण पेटव."

"आल्यावर पेटवू. आता आपण दोघीच तर आहोत." बेरिलनं चमचा ठेवला आणि दाराकडे एकदा पाहून घेतलं. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, पण नजर अजून बंदरावरच्या घारीसारखी. "हे बघ, मी आज सांगून टाकणार आहे. ईस्टरची सुट्टी संपून मंगळवारी कचेरी उघडली की पेन्शनवाल्यांना फोन करायचा, त्याआधी पोरांना माझ्या तोंडून कळू दे. पण तुझं नाव घ्यायचं नाही."

"आई—"

"मला एकटीलाच माहीत होतं. तुला काहीसुद्धा माहीत नव्हतं. आळीमिळी गुपचिळी. कळलं? आता तो मटार सोल."

गेल मटार सोलायला बसली. साठीला आलेली बाई, एकतीस वर्षं गावातल्या बचत संस्थेच्या काचेमागे बसून लोकांचे पैसे मोजलेली, आणि आईनं मटार सोल म्हटलं की सोलायला बसायची. पण आज दाणे सालींत आणि सालं भांड्यात पडत होती.

त्याला कारण होतं. बाप वारला त्या वर्षी तिघा भावंडांनी ठरवलं होतं की आईला दर शुक्रवारी प्रत्येकी तीस पौंड द्यायचे. नोटा पाकिटात घालून. आईला बँकेतून बँकेत उडत जाणारे पैसे कळत नाहीत. पाकिटं गोळा करायचं काम गेलचं. आणि दुसऱ्या एका बँकेत खातं उघडून द्यायचं कामही गेलनंच केलं होतं. ज्याला सगळे आयसा म्हणतात, ते करमुक्त खातं. व्याजावर कर नाही, आणि कधीही जा, हवे तेवढे काढून आण. वर्षा-दोन वर्षांसाठी पैसे अडकवून जास्त व्याज घ्यायचं बेरिलनं साफ नाकारलं होतं. पैसा हाताशी हवा, एवढं एकच तिला कळत होतं. त्याच सुमारास पूरक पेन्शनचा अर्जही गेलनंच भरला होता. तेव्हा खात्यात सहा हजार होते, नियमात बसत होते, चोरी-लबाडी काही नव्हती.

पुढे चार वर्षांपूर्वी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा पासबुकात नोंदी करून आणायला म्हणून गेल गेली आणि छापून आलेला आकडा बघून तशीच बाहेरच्या बाकावर बसली. छत्तीस हजार! पोरांनी दिलेल्यातला एक पेनी आईनं खर्चला नव्हता. वर स्वतःचेही घातले होते.

करमुक्त म्हणजे सरकारच्या हिशेबातून मुक्त नव्हे, हे गेलइतकं त्या गावात कुणाला कळत नव्हतं. तिनं त्याच दिवशी आईला सांगायला हवं होतं, पेन्शनवाल्यांना कळव. भावंडांना, नीलला आणि लिंडसेला, सांगायला हवं होतं, पाकिटं बंद करा. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिनं केलं ते एकच. पुढच्या शुक्रवारपासून स्वतःचं पाकीट बंद केलं. घटस्फोटाचा खर्च होता, छप्पर गळत होतं, आणि आईला कुठे गरज होती? बाकीची दोन पाकिटं मात्र ती नेमानं गोळा करत राहिली. ती थांबवायची तर का थांबवली ते सांगावं लागलं असतं, आणि आई चारचौघांत तोंडघशी पडली असती. असं ती स्वतःला समजावत आली होती. चार वर्षं.

आणि हातात दोनच पाकिटं येतात, हे बेरिलला कळत नव्हतं असं थोडंच होतं? ती एका शब्दानं बोलली नाही. माय झाकी लेकीचं, लेक झाकी मायचं, असा सगळा कारभार.

लिंडसे आली ती बनांची पिशवी नाचवतच. धाकटी, केस कापण्याचं दुकान चालवणारी, तोंडाची तिखट. तिच्या मागोमाग नील आणि त्याची बायको ट्रेसी. नील दारातून वाकून आत आला. गिलावा करून करून त्याची पाठ गेली होती. गेल्या शरदात तर तो दीड महिना पडूनच होता, तेव्हा त्याची पाकिटंही चुकली होती. त्यानं आल्या आल्या कोटाच्या खिशातून पाकीट काढून गेलच्या हातात दिलं.

"आजचं सकाळी द्यायचं राहिलं," तो म्हणाला. "माफ कर हं."

गेलनं पाकीट घेतलं. घेतलं म्हणजे हात आपोआपच पुढे झाला. मग ते कुठे ठेवावं ते तिला कळेना, म्हणून तिनं ते ताटाखाली सारलं.

जेवण झालं. बटाट्याचा थर देऊन भाजलेला मासा छान झाला होता, वरचा थर कुरकुरीत, आणि सगळ्यांनी तसं म्हटलं. बेरिलनं चहा ओतला, किटलीवर लोकरीची टोपी घातली आणि उभी राहून, शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तशी, म्हणाली, "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. मधे कुणी बोलू नका, नाहीतर मला जमायचं नाही."

तिनं सांगितलं. पत्र, पेन्शन, खातं. आकडा सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की लिंडसे म्हणाली, "किती?"

"चौपन्न."

"चौपन्नशे?"

"हजार गं."

लिंडसे आधी हसलीच. "अगं बाई! थेंबे थेंबे तळे साचे! आणि मी तुझे केस दहा वर्षं फुकट कापतेय!" मग आजूबाजूला कुणी हसत नाही हे बघून तिचं हसू विरलं. "म्हणजे आम्ही देत होतो ते... सगळे तसेच?"

"सगळे तसेच. तुमचेच आहेत. माझ्यामागे तुम्हालाच वाटून मिळतील असं लिहून ठेवलंय."

"आणि तू इथे कोट घालून बसतेस!"

"कोट चांगला आहे," बेरिल म्हणाली.

लिंडसेचं डोकं भराभर चालायला लागलं. "हे बघ, घाबरायचं कारणच नाही. हे पैसे कधीही काढता येतात ना? मंगळवारी जाऊ, सगळे काढू, तिघांत वाटून टाकू. मग लिहून देऊ की गाठीला काही नाही. कोण विचारतंय?"

"तसं चालत नाही," गेल म्हणाली. इतका वेळ तिनं तोंड उघडलं नव्हतं. "मुद्दाम वाटून टाकले तर ते अजून आईकडेच आहेत असं धरतात. आणि मग ती सरळसरळ फसवणूक होते. खरं काय ते सांगायचं, जास्तीचं मिळालंय ते परत करायचं. दुसरा रस्ता नाही."

"मग खातं उघडताना करमुक्त, करमुक्त म्हणत होतीस ते काय?" लिंडसेनं गेलला विचारलं.

"कर लागत नाही म्हणून मीच तसं समजले," बेरिल मधे पडली. "ज्यावर सरकार काही घेत नाही, ते सरकारला कशाला सांगायचं? ज्या पिशवीतलं काही दुकानदाराला विकायचं नाही, ती पिशवी आपण त्याला उघडून दाखवतो का? माझी अक्कल तेवढीच." ती खुर्चीत बसली. "मार्था क्लेगला असंच पत्र आलं होतं. आठवतंय? तेव्हा चर्चच्या चहाला मीच म्हणाले होते, लाज कशी नाही वाटत बाईला. आता माझ्याविषयी म्हणतील. आणि म्हणू देत, खरंच आहे. टीव्हीचा परवानासुद्धा फुकट घेतला मी. गरीब म्हणून."

तिचा चेहरा लालभडक झाला होता. गेलला आठवेना आईला कधी असं पाहिल्याचं. बापाच्या वेळीसुद्धा नाही.

"पण कशासाठी, आई?" लिंडसेनं विचारलं.

"कशासाठी म्हणजे? तुमचा बाप बोटीवरून यायचा तो तीन दिवसांचा राजा. आख्ख्या बंदराला पाजायचा. चौथ्या दिवशी बोट सुटली की माझ्या हातात चिल्लर. नीलच्या वेळी मी सात महिन्यांची असताना लग्नाची अंगठी गहाण ठेवून कोळसा आणलाय. तेव्हापासून मला पैसा हाताशी लागतो. खर्चायला नाही गं. झोप लागायला."

ट्रेसी इतका वेळ बशीतल्या बनाचे बारीक बारीक तुकडे करत होती. शाळेच्या भटारखान्यात काम करणारी, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती एकदम म्हणाली, "मी सांगते आता. याला नाही सांगवणार."

"ट्रेसी, नको," नील म्हणाला.

"का नको? जानेवारीत आम्ही फूड बँकेतून फुकटच्या शिध्याची पिशवी आणली. एकदा नाही, तीनदा. इथून नाही, ट्राम पकडून पलीकडच्या गावातून. इथे कुणी ओळखीचं दिसलं असतं. पास्ता, डबाबंद बीन्स, आणि पोराला म्हणून एक चॉकलेट. आणि त्याच शुक्रवारी या माणसानं तीस पौंड पाकिटात घातले. मी भांडले. हा म्हणाला, आई थंडीत बसते, ट्रेसी."

बेरिलनं दोन्ही हात तोंडावर नेले. "नील! मला का नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगणार?" नीलनं मान वर केली नाही. "तूच कोट घालून बसलेली. तुझ्यापुढे काय रडायचं?"

"अरे, एक शब्द टाकायचा होतास! दुसऱ्या दिवशी काढून आणले असते. हाताशी होते रे. त्यासाठीच तर होते!"

"मला कुठे माहीत होतं?"

बेरिल रडायला लागली. मोठ्यानं नाही, पण थांबेना. "मी माझ्या पोराच्या तोंडचा घास बचतीत टाकला," ती म्हणत राहिली. "दर सोमवारी. रांगेत उभी राहून."

आता इथे नीलनं चिडावं, आरडाओरडा करावा, असं गेलला मनापासून वाटत होतं. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो उठला, पाठीला हात लावत आईच्या खुर्चीशी गेला आणि तिथेच पायाशी बसला.

"आई, बस कर. मला तुझी लाज नाही वाटत. तू साठवलेस, चोरले नाहीस. मंगळवारी मी येतो, आपण दोघं मिळून फोन करू. जास्तीचे परत देऊ. उरतील त्यातून आधी ही शेगडी पूर्ण पेटवू."

"चूक झाली रे."

"झाली. तुला कुणी सांगितलं नाही म्हणून झाली." त्यानं आईच्या गुडघ्यावर थोपटलं. "आमच्यातल्या एकाला जरी कळलं असतं ना, तरी इथवर आलं नसतं. गेलच्या नजरेला पडलं असतं तर तिनं पहिल्याच दिवशी थांबवलं असतं सगळं. ती बँकेतली बाई. हो की नाही गं, गेल?"

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. अगदी विश्वासानं. लहानपणी रस्ता ओलांडताना बोट धरायचा तसंच.

"तिला काय माहीत असणार?" बेरिल घाईनं म्हणाली, डोळे पुसायचेही थांबून. "तिला काहीसुद्धा माहीत नव्हतं. पासबुक माझ्याकडेच असतं. मी कुणाला दाखवतच नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. गेलनं गप्प बसायचं, एवढंच होतं. आई मंगळवारी फोनवर सगळी लाज स्वतःच्या पदरात घेणार होती, नील तिच्या शेजारी बसणार होता, आणि पुढच्या नाताळात या गोष्टीवर लिंडसेनं विनोदसुद्धा केले असते. गेलनं चहाचा कप उचलला आणि पुन्हा ठेवला. समोर तिची म्हातारी आई तिच्यासाठी खोटं बोलत होती, रडून सुजलेल्या तोंडानं, आणि ते खोटं तिला नीट जमतही नव्हतं. गेलला वाटलं, आपण मेलो का नाही सोमवारीच.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"गेल!" बेरिल ओरडली.

"राहू दे आई. मोतीबिंदूच्या वेळी पासबुक मीच नेलं होतं. चार वर्षं झाली. तेव्हाच छत्तीस हजार होते. मला नियमही माहीत होता."

लिंडसेचं तोंड उघडंच राहिलं. "चार वर्षं? आणि तू दर शुक्रवारी माझ्या दुकानात येऊन पाकीट मागायचीस?"

"हो."

"गिऱ्हाइकासमोर?"

"हो."

"वा गं वा! आणि स्वतःही तीस-तीस भरत बसलीस? एवढी खुळी तर तू नाहीस."

गेलनं बेरिलकडे पाहिलं. बेरिल मान हलवत होती, नको, नको म्हणत.

"मी भरत नव्हते," गेल म्हणाली. "मी तेव्हापासून बंद केले."

लिंडसेनं खुर्ची मागे सारली, पण उठली नाही. ती आईकडे वळली. "आणि तुला हे माहीत होतं. दोन पाकिटं येत होती, तुला मोजता येतं."

"तिची अडचण असेल म्हटलं," बेरिल पुटपुटली. "तिचं घर मोडलं होतं."

"तिची अडचण तुला न विचारता कळली! आणि त्याची नाही कळली!" लिंडसेनं नीलकडे बोट दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती भावाच्या बाजूनं बोलत असावी.

"नाताळात," ट्रेसी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "टर्की कापत असताना, या टेबलावर, सगळ्यांदेखत तू त्याला म्हणालीस की आईला विसरलास वाटतं. तो रात्रभर झोपला नाही. तेव्हा तुला माहीत होतं."

"हो," गेल म्हणाली. "माहीत होतं."

"का म्हणालीस मग?"

गेलकडे याचं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. आपण देत नाही हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ती न देणाऱ्यावर सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडली होती. "माझं चुकलं," ती म्हणाली. "नील, माझं फार चुकलं."

नील खाली बसला होता तो खुर्चीचा हात धरून हळूहळू उठला. त्याला वेळ लागला. कुणी हात द्यायला पुढे झालं नाही, कारण त्यानं ट्रेसीलाही नको म्हणून खूण केली. मग तो टेबलाशी आला आणि गेलच्या समोर, अगदी समोर, उभा राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. तो काहीतरी समजून घ्यायचा प्रयत्न करत होता आणि ते त्याला समजत नव्हतं.

"मला एवढंच सांग," तो म्हणाला. "तुला कळलं त्या दिवसापासून माझे किती गेले असतील? अंदाजे."

"सहा हजार नव्वद," गेल म्हणाली. "पाच आठवडे चुकले होते."

शब्द तोंडातून गेले आणि मग तिला ऐकू आले. तिला क्षणभरही आठवावं लागलं नव्हतं. बोटांवर मोजावं लागलं नव्हतं. नीलनं तिच्याकडे पाहिलं, ट्रेसीनं पाहिलं, लिंडसेनं पाहिलं. बेरिलनं तेवढं पाहिलं नाही. तिनं कोटाची वरची गुंडी लावली आणि भिंतीकडे तोंड केलं.